उपक्रम क्रमांक त्रेचाळीस: अध्यापन

सदर हायस्कुलात तीन हजार दोनशे विद्यार्थी, शहाण्णव शिक्षक आणि बेचाळीस उपक्रम होते. पैकी वाढत होते ते फक्त उपक्रम. वाचनोत्सव, स्वच्छता-प्रतिज्ञा, नेतृत्व-शिबिर, आनंदी मन तासिका... नुसती यादी वाचूनच पालक धन्य होत. या धबडग्यात दहावी ‘फ’च्या गणिताच्या बाईंना आठवड्यातून जेमतेम चाळीस मिनिटं मिळत, आणि त्यातली निम्मी हजेरीत जात.

बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो एका मुलीपायी. शिवणकाम करणाऱ्या एका आईची ही थोरली. गणितात पास झाली की तिला प्रयोगशाळा सहायकाच्या कोर्सला जागा मिळणार होती. नाहीतर आईशेजारचं शिलाई मशीन होतंच. पोरगी चुणचुणीत, पण समीकरणं कुणी शिकवली तर ती सोडवणार ना! परीक्षा दहा आठवड्यांवर आली होती.

शेवटी बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि शिकवायला वेळ मागितला. माणूस तसा भला. त्यांनी वेळापत्रक वरून खाली, खालून वर पाहिलं आणि ‘शिकवणे’ या नावाचा उपक्रमच मंजूर नसल्याचं खेदाने सांगितलं.

“प्रस्ताव द्या ना,” ते म्हणाले. “उपक्रम म्हणून नोंदवलंत, तर रोज एक तास देतो. नियमात बसतं.”

बाईंना वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. चार प्रतींत प्रस्ताव गेला आणि अध्यापन हा त्रेचाळिसावा उपक्रम म्हणून रीतसर मंजूर झाला.

आता उपक्रम म्हटला की उद्घाटन आलं. पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत तीन आठवडे स्वागतगीताची तालीम चालली. मग मुलांकडून अभिप्राय भरून घेतले. शिकवणं किती आवडलं, हे शिकवण्याआधीच कळलेलं बरं. त्यानंतर बाईंच्या हसऱ्या छबीचा बारा फुटी फ्लेक्स आला. तेवढी मोकळी जागा वर्गात एकाच ठिकाणी होती, म्हणून शिपायाने तो फळ्यावरच ठोकला.

बाई उपक्रमप्रमुखांकडे धावल्या.

“उपक्रम चालू असेपर्यंत फलक हलवता येत नाही,” ते म्हणाले. “आणि उपक्रम परीक्षेपर्यंत चालू आहे.”

बाईही हट्टाला पेटल्या. पदर खोचून त्यांनी फरशीवर खडूने समीकरण मांडलं. दुसऱ्या ओळीवर होत्या तोच स्वच्छता-प्रतिज्ञेचं पथक आलं, आणि मुलांनी समीकरण फडक्याने पुसून टाकलं. उरलेल्या तासात रोजच्या अहवालासाठी फ्लेक्ससमोर फोटो निघत आणि पालकांच्या ग्रुपवर जात.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. त्यांनी नेमकं त्याच मुलीला उठवून समीकरण सोडवायला सांगितलं.

“सर, हे आम्हाला शिकवायचं ठरलंय,” ती म्हणाली. “अजून शिकवलेलं नाही.”

बाई सावरून घ्यायला पुढे झाल्या. साहेब मात्र खूश झाले. त्यांनी ‘संवादकौशल्य: उत्कृष्ट’ असा शेरा मारला. उपक्रमाला पहिलं बक्षीस मिळालं आणि आणखी अठरा शाळांनी तसाच फ्लेक्स मागवला.

निकाल लागला. ‘फ’मधले त्रेसष्टपैकी सत्तेचाळीस गणितात गेले. मुलीला अकरा गुण पडले. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. ही पोर आपल्या कागदी घोड्यांखाली चिरडली, हे त्यांना सहन होईना.

पालकसभेत मुलीची आई निकालपत्राची घडी मुठीत धरून बसली होती. बाई सगळ्यांदेखत तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“ताई, तुमची मुलगी नापास झालेली नाही. आम्ही तिला शिकवलंच नाही.”

आईने मोबाइल काढला.

“असं कसं बाई? रोज तर फोटो येत होते. मी प्रत्येकाला अंगठा दिलाय.”

बाईंना रडू फुटलं. हुंदके देत त्या सभेकडे वळल्या आणि काकुळतीने काहीतरी सांगू लागल्या. पण ते काय होतं, हे तुम्ही-आम्ही कुणी नीट ऐकलं नाही. फोटो फार छान येत होता.