कुलूपरावांनी नेट वाढवलं

घरातलं नेट वाढवायचं की नाही, हा प्रश्न पहिल्यांदा निघाला तेव्हा कुलूपराव दाढी करत होते. आता, दाढी करताना माणसाने कुठलाही निर्णय घेऊ नये. एक तर गाल फुगवलेला असतो, बोलता येत नाही. आणि समोर आरशात आपल्याशी शंभर टक्के सहमत असलेला माणूस उभा असतो.

"अहो, वरचा प्लॅन घेऊ या ना," बायको बाथरूमच्या दाराशी येऊन म्हणाली. "शनिवारी माझा डेमो आहे. मधेच अडकलं तर काय करू?"

"हूं," कुलूपराव म्हणाले. (हा होकार नव्हता. ब्लेड हनुवटीखाली होतं.)

कुलूपराव हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पंपांच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते आणि हे नाव त्यांना तिथे चिकटलं. स्टोअरच्या खिडकीत आपल्या नंबराचा पितळी बिल्ला तारण ठेवल्याशिवाय ते साधा पानासुद्धा कोणाच्या हातात देत नसत. एकदा मशीन पेटलं तेव्हा आग विझवायचं सिलेंडर मागायला धावत आलेल्या माणसाला त्यांनी आधी बिल्ला मागितला होता. कोणी जास्त हुज्जत घातली, की "उद्या या, आज मोजदाद आहे" म्हणून खिडकी बंद. हे वाक्य त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरी लेकीने काही मागितलं तरी तेच निघायचं. पुढे घरातही सगळे पाठीमागे त्यांना कुलूपराव म्हणू लागले. सासूबाई तर समोरही म्हणायच्या, पण जरा हळू.

आता डेमोचं सांगायला हवं. बायको पूर्वी शाळेत गणित शिकवायची. सासूबाई, म्हणजे तिची आई, पाय घसरून पडल्या, अंथरुणाला खिळल्या, म्हणून तिने नोकरी सोडली. पुढे सासूबाई ठणठणीत होऊन घरभर हिंडू लागल्या, नोकरी मात्र परत आली नाही. आणि आता इतक्या वर्षांनी, मुलांना घरबसल्या कॉम्प्युटरवरून शिकवणाऱ्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं. शनिवारी सकाळी अर्धा तास शिकवून दाखवायचं. समोर तीन मुलं आणि एक अधिकारी मॅडम. पसंत पडलं तर नोकरी. बायकोला ही नोकरी इतकी मनापासून हवी होती, की आठवडाभर ती भाजी चिरता चिरता भाजीलाच गणित समजावून सांगत होती.

दाढी संपवून कुलूपराव बाहेर आले आणि त्यांनी निकाल दिला. "माल पुरत नाही म्हटल्यावर लगेच नवा माल मागवायचा नसतो. आधी गळती शोधायची."

"नेटला कसली आलीय गळती?"

"प्रत्येक मालाला असते," कुलूपराव म्हणाले आणि कामाला लागले.

पहिला संशय सासूबाईंवर. सासूबाईंना एकच नाद होता. अनोळखी बायका आपापली घरं साफ करतात, त्याचे व्हिडिओ बघायचे. (स्वतः त्या झाडूला हात लावत नसत. पण दुसरीने कोपरा सोडला की इथून ओरडायच्या.) त्यांना झोप लागली तरी फोन उशीखाली घर झाडतच असायचा. दुसरा संशय कॉलेजात जाणाऱ्या लेकीवर. तिचा फोन नेटवर, लॅपटॉप नेटवर आणि मनगटावरचं घड्याळही नेटवर.

"घड्याळाला नेट कशाला लागतं?" कुलूपरावांनी विचारलं.

"बाबा, मी किती चालले ते त्याला कळतं."

"ते तुला कळत नाही?"

तिसरा संशय भिंतीपलीकडे राहणाऱ्या दंतवैद्यबाईंवर. हा नाजूक मामला. कुलूपरावांनी बेल वाजवली आणि शक्य तितक्या आडून सुरुवात केली.

"डॉक्टर, विचारू नये, पण आमच्या घरातलं काही भिंतीतून तुमच्याकडे येतं का?"

दंतवैद्यबाई संकोचल्या. "येतं. आम्ही कधी बोललो नाही, इतकंच."

"कधीपासून?"

"तुम्ही राहायला आलात तेव्हापासून."

"आणि तुम्ही खुशाल घेत राहिलात?"

"घेऊ नको तर काय करू? कानात बोळे घालून बसू? तुमचं भांडण लागलं की शब्द न् शब्द ऐकू येतो. परवाचं गिझरवरून झालेलं तर अगदी स्पष्ट." मग त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू? त्यात तुमच्या मिसेसचं बरोबर होतं."

कुलूपराव परत आले ते तोंडात मारल्यासारखे. पण अशाने हार मानेल तो स्टोअरकीपर कसला! त्याच संध्याकाळी त्यांनी घरात कारखान्याची पद्धत लागू केली. तीन पितळी बिल्ले आणले. एक बायकोचा, एक लेकीचा, एक सासूबाईंचा. (स्वतःला घेतला नाही. स्टोअरकीपरला बिल्ला कशाला?) बेडरूममध्ये लोखंडी कपाटाशेजारी खिळा ठोकला. खिळ्यावर ज्याचा बिल्ला, त्याचं नेट, बाकीच्यांनी थांबायचं. सासूबाईंनी आपला बिल्ला टांगला तो टांगलाच.

आणि मग कुलूपरावांच्या लक्षात आलं, की नियम कितीही चोख असला तरी मुख्य माल उघड्यावर पडलाय. नेटचा तो डबा हॉलमध्ये सगळ्यांदेखत लुकलुकत होता. कोणीही यावं आणि वापरावं! त्यांनी लोखंडी कपाटाच्या मागच्या पत्र्याला ड्रिलने भोक पाडलं, वायरी आत घेतल्या, पांघरुणांच्या घड्यांमध्ये डबा नीट बसवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

"अहो, लोखंडाच्या कपाटात तो चालेल का?" बायको म्हणाली.

"का नाही चालणार? लहरी असतात त्या. भिंतीतून जातात. भिंतीपुढे पत्रा म्हणजे काय!"

कारखान्याच्या नियमाप्रमाणे दुसरी किल्ली पाकिटात घालून, लाखेचं सील मारून जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात द्यायची असते. घरात त्यातल्या त्यात जबाबदार व्यक्ती सासूबाईच. कुलूपरावांनी त्यांना पाकीट दिलं आणि बजावलं, "कोणी मागितली तरी द्यायची नाही. उद्या मी स्वतः येऊन हातापाया पडलो तरी नाही. असे प्रसंग येतात. माणूस घाईत नियम मोडतो."

"बरं हो, जावईबापू," सासूबाईंनी पाकीट कमरेला खोचलं.

दुसऱ्या दिवसापासून नेट असं रेंगाळू लागलं, की सासूबाईंच्या व्हिडिओतली बाई झाडू उचलायची आणि तशीच उभी राहायची. लेक जिन्यात जाऊन बसू लागली. बायकोने दोनदा कपाटाकडे बोट दाखवलं. पण कुलूपरावांनी मान हलवून हिशेब मांडला. गळती तर बंद केली. बिल्ले लावले, कुलूप घातलं, तरी माल पुरत नाही. म्हणजे दोष पुरवठ्यातच! आपण किती पद्धतशीरपणे या निष्कर्षाला पोचलो, या विचाराने त्यांना भरून आलं.

आणि शुक्रवारी त्यांनी फोन करून प्लॅन वाढवला. वरचा नव्हे, त्याच्याही वरचा. सगळ्यांत मोठा. वर्षभराचे पैसे एकदम भरले की सवलत होती, म्हणून वर्षभराचे भरूनही टाकले. घरी येऊन बायकोला सांगताना ते इतके थाटात उभे राहिले, की तिला वाटलं पगार वाढला.

"तुझ्या डेमोसाठी," ते म्हणाले. बायकोचे डोळे पाणावले. तिने कपाटाचा विषय परत काढला नाही. ही तिची चूक झाली खरी, पण त्या क्षणी कोणाच्याने काढवला असता?

शनिवारी कारखान्यात वर्षाची मोजदाद होती. कुलूपराव टोपलीभर नट-बोल्ट पुढ्यात घेऊन बसले होते, तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, नेट येत नाहीये! हॉलमध्ये नाही, खिडकीत नाही. लॅपटॉप घेऊन घरभर फिरले. कपाटाला पाठ चिकटवून बसलं तरच थोडं येतंय. कपाट उघडायला हवं. किल्ली घेऊन या."

"बिल्ला?" कुलूपरावांच्या तोंडून निघून गेलं.

मग बायको अगदी हळू म्हणाली, "माझे हात थरथरताहेत हो."

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने असं कधी म्हटलं नव्हतं. कुलूपरावांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि मोजदाद, खिडकी, स्टोअर सगळं तसंच उघडं टाकून ते धावत सुटले. कारखान्यातले लोक अजूनही तो दिवस आठवतात. (त्या दिवशी कोणीही काही चोरलं नाही. सगळे खिडकीपाशी येऊन नुसते बघत उभे होते.)

घरी पोचले तेव्हा डेमो सुरू झाला होता. बायको कपाटाच्या एका दाराला पाठ लावून स्टुलावर बसली होती, मांडीवर लॅपटॉप. पडद्यावर तीन मुलं आणि मॅडम, मधूनच हलणारी, मधूनच थिजणारी. धडा होता शक्यतेचा. बायकोच्या आवाजात कंप होता आणि मॅडम घड्याळाकडे बघत होत्या.

आपण पडद्यावर दिसू नये म्हणून कुलूपराव चार पायांवर रांगत कपाटापाशी गेले आणि कुलपाशी पोचण्यापुरतेच वर उठले. त्यामुळे पडद्यावर झालं असं, की बाईंच्या खांद्यामागून एक टक्कल हळूहळू उगवलं आणि किल्ल्या खुळखुळल्या.

"बाई! मागे चोर!" एक मुलगी किंचाळली.

एक क्षण बायकोला वाटलं, संपलं सगळं. आणि मग कोण जाणे कुठून, तिच्यातली जुनी बाई जागी झाली.

"चोर नाही," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "हे आपलं आजचं उदाहरण आहे. या काकांकडे वीस किल्ल्या आहेत. कपाटाची एकच. पहिल्याच किल्लीला कपाट उघडण्याची शक्यता किती?"

"वीसात एक!"

कुलूपरावांनी पहिली लावली. नाही लागली. दुसरी, तिसरी, तीही नाही.

"आता?"

"आता सतरा उरल्या. सतरात एक!"

तेवढ्यात कुलूपरावांच्या घामेजल्या हातातून जुडगा खाली पडला. त्यांनी तो उचलला आणि बावरून बघत राहिले. गोल कडी ती. कुठून सुरुवात केली होती, काही कळेना.

"बाई, काकांना कुठल्या लावून झाल्या ते आठवत नाहीये!" एक मुलगा आनंदाने ओरडला. "म्हणजे परत वीसात एक!"

"शाब्बास!" बायको म्हणाली. तिच्या आवाजातला कंप कधीच गेला होता. मॅडम आता घड्याळाकडे बघत नव्हत्या.

कुलूपराव मात्र पांढरेफटक पडले होते. ते बायकोच्या कानाशी वाकून कुजबुजले, "अगं, हा कारखान्याचा जुडगा आहे. घरचा तिकडेच टेबलावर राहिला."

कुजबुज माइकने चोख टिपली.

"मुलांनो, आता शक्यता किती?"

"शून्य!" तिघं एका सुरात ओरडली. मॅडमनी तोंडाला रुमाल लावला.

कुलूपराव रांगतच बाहेर आले आणि सासूबाईंपुढे हात जोडून उभे राहिले. "सासूबाई, ते पाकीट द्या."

"नाही हो. तुम्हीच म्हणालात, तुम्ही येऊन हातापाया पडलात तरी द्यायचं नाही."

"अहो, पण मीच सांगतोय ना!"

"अगदी असंच होईल म्हणाला होतात," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "घाईत माणूस नियम मोडतो. बिल्ला आहे का?"

कुलूपरावांनी खिसे चाचपले. बिल्ला कुठून असणार? शेवटी लेकीने आपला दिला. ("पाच मिनिटांत परत हवा, बाबा.") सासूबाईंनी तो नीट निरखला, दाताखाली धरून पाहिला आणि मग सील फोडलं.

कपाट उघडलं. आधी सगळी पांघरुणं कुलूपरावांच्या डोक्यावर आली आणि पाठोपाठ नेट. सगळ्यांत मोठ्या प्लॅनचं, वर्षभराचं. चित्र इतकं लख्ख झालं, की पांघरुणांच्या ढिगातून वर आलेल्या काकांच्या शर्टाची काखेतली उसवण तिन्ही मुलांना आणि मॅडमना टाका न् टाका दिसली.

सोमवारी कंपनीचा फोन आला. बायकोला नोकरी मिळाली. ती हसता हसता रडली, कुलूपरावही चष्मा पुसायला लागले.

"मॅडम म्हणाल्या, दर वर्गात शक्यतेच्या धड्याला ते सहायक काका हवेत. इतका सहज अभिनय त्यांनी पाहिला नव्हता."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, अभिनय नाही, स्वभाव आहे."

डबा हॉलमध्ये पूर्ववत लुकलुकू लागला. लेकीने तपासून सांगितलं, की डबा बाहेर असता तर जुना प्लॅनही भरपूर झाला असता. पण कुलूपरावांनी पैसे वर्षभराचे भरून टाकले होते. ते कारखान्यात मात्र सांगत सुटले, की आपण वेळेवर नेट वाढवलं म्हणूनच मिसेसला नोकरी लागली.

पुढच्या रविवारी निवांत वेळ होता. जुनी कुलपं कशी दुरुस्त करतात त्याचा एखादा व्हिडिओ बघावा, म्हणून त्यांनी फोन उघडला. नेट लागेना. पासवर्ड बदलला होता. बायको मुलांना शिकवण्यात गुंग होती. तिने बोट दाखवलं ते सासूबाईंकडे.

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. फोनमधली बाई वाऱ्याच्या वेगाने फरशी पुसत होती.

"सासूबाई," कुलूपराव अदबीने म्हणाले, "जरा नेट हवं होतं."

सासूबाईंनी मान वर केली नाही.

"उद्या या," त्या म्हणाल्या. "आज मोजदाद आहे."