चकाकी उतरवणारे सोमण काका

सोमण काकांचा नव्या वस्तूवर विश्वास नव्हता. नवी छत्री, नवे बूट, काहीही असो, आधी त्यावर चिखल चोळणार. एकदा माझ्या नव्याकोऱ्या ऑफिस बॅगेवरही चोळला. मी किंचाळले, तर म्हणाले, "अगं, चकाकी उतरल्याशिवाय वस्तू हातात बसत नाही."

दोष त्यांचा कमी, कामाचा जास्त. लंडनच्या एका फुटबॉल स्टेडियमवर उन्हाळ्यात काही आठवडे बेसबॉलचे सामने व्हायचे, तिथे आम्ही दोघं पडद्यामागे होतो. मी सोमवार ते शुक्रवार क्रॉयडनच्या ऑफिसात, वीकेंडला इथे. बेसबॉलचा नवा चेंडू गुळगुळीत असतो, फेकणाऱ्याच्या हातातून निसटतो. म्हणून मॅचआधी प्रत्येक चेंडूला खास चिखल चोळायचा. जिन्याखालच्या खोलीत बसून आम्ही तेच करायचो. लेक लंडनला काय दिवे लावते हे आईने पुण्यात कुणाला सांगितलं नाही, ते बरंच.

काका रिटायर्ड बसड्रायव्हर, ईलिंगला राहायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी घोळ घातला. चेंडू तळहातावर वळायचे असं ऐकलं आणि हे महाशय घरून तुपाची वाटी घेऊन आले! लाडू वळताना लावतात तसं हाताला तूप लावलं आणि बसले चोळत. सरावात चेंडू खेळाडूच्या हातातून सटकला, तो थेट आमचा सुपरवायझर केव्हिन याच्या चहात.

"च्यायला, तूप तर साजूक होतं," काका पुटपुटले.

पुढे मात्र त्यांचा हात असा बसला की बघत राहावं. दोन्ही तळव्यांत चेंडू, अंगठ्याने हलका दाब. मी घाई केली की ओरडायचे, "बेताने! फुटेल!"

"काका, चेंडू आहे हा."

"तुला काय कळतंय!"

एक गोष्ट मात्र मला खटकायची. शिवण उसवलेले चेंडू एका खोक्यात जायचे. तेसुद्धा बाहेर न्यायचे नाहीत, असा कडक नियम होता. आणि काका दर रविवारी निघताना त्यातले चार-पाच चिखल लावून पिशवीत घालायचे. पकडले असते तर त्यांचं काम गेलं असतं, आणि शेजारी बसणारी म्हणून माझंही. शेवटी एका रविवारी मी विचारलंच, "काका, हे विकता की काय तुम्ही?"

त्यांचा चेहरा पडला. "चल माझ्याबरोबर," एवढंच म्हणाले.

केअर होममध्ये काकू खिडकीशी बसल्या होत्या. विसरण्याच्या आजारात नवरासुद्धा पुसला गेला होता. हात मात्र स्वस्थ बसत नव्हते. काही मिळालं नाही की स्वतःचीच कातडी ओरबाडायच्या. मनगटांवर ओरखडे दिसत होते. काकांनी त्यांच्या मांडीवर चेंडू ठेवला आणि काकू तो लाडवासारखा वळू लागल्या. दोन्ही तळव्यांत, अंगठ्याने हलका दाब. काका ही विद्या कुठे शिकले, ते मला तेव्हा कळलं.

"रबरी चेंडू दिले, फेकून देते," काका म्हणाले. "हेच लागतात. आठवड्याभरात वळून वळून गुळगुळीत करते, मग तेही नको होतात."

काकूंनी वर बघितलं. "तुम्ही नवे आचारी का?"

"हो, बाई."

"बेताने वळा. फुटेल."

"हो, बाई," म्हणत काका शेजारी बसून वळू लागले. काय बोलून बसले होते मी!

पुढच्या शनिवारी मी केव्हिनला सगळं सांगितलं. तो बराच वेळ नाक पुसत राहिला. मग म्हणाला, खोक्यातलं लागेल ते त्यांना नेऊ दे. त्या दिवसापासून पिशवी मीच भरायची.

हिवाळ्यात काकू गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा काका कोटाच्या खिशातला चेंडू कुरवाळत बसले होते. चांगला आरशासारखा चकचकीत. मी आपली नेहमीची थट्टा केली. "काका, याला चिखल लावायचा राहिलाय."

त्यांनी चेंडू पटकन छातीशी धरला.

"याला नको गं," म्हणाले. "ही तिच्या हातची चकाकी आहे."