अनंताला ओलांडलं त्याची गोष्ट

मुलुंडच्या सहदेव परबांना अर्धांगाचा झटका आला, डावा पाय रुसला आणि मदतीला म्हणून मेहुणा अनंत कुडाळहून आठ दिवसांसाठी आला. त्याला आता तिसरा महिना लागला होता. मदत म्हणजे दोन्ही वेळचं जेवण आणि दुपारी पॅसेजमध्ये आडवं पडून ताणून देणं. "भावजी एकटे चालायला लागले की मी निघालोच," असं तो रोज सांगायचा.

फिजिओथेरपिस्ट अपूर्वाने हिशेब सोपा ठेवला होता. काठी न घेता दहा वेळा अडथळा ओलांडला की काका मोकळे. पण अडथळा ठेवायचा कशाचा? तिने जाड पुस्तकं ठेवली.

"सरस्वतीवरून पाय?" अनंत ओरडला.

केरसुणी ठेवली, तर ती लक्ष्मी. वीट आणली, तर विटेवर विठोबा उभा! मालनताई भावाच्या प्रत्येक शोधावर मान डोलवायच्या. या दीडशहाण्याला एवढं शास्त्र कळतं, तर कामधंदा का कळत नाही, असं सहदेव मनात म्हणत.

त्या दुपारी मालनताई गच्चीवर पापड काढायला गेल्या होत्या. बेल वाजली. पॅसेजमध्ये अनंत घोरत पडलेला.

"अरे ऊठ रे ए!"

घोरणं फक्त वाढलं. बेल पुन्हा वाजली. सहदेवांचं डोकं सटकलं. त्यांनी भिंतीला काठी टेकवली, डावा पाय उचलला आणि मेहुण्याच्या पोटावरून पलीकडे ठेवला. मग उजवा. दार उघडलं, तर अपूर्वा आणि तिच्यामागे पापडांचं ताट घेतलेल्या मालनताई.

"काका, काठी कुठाय?" अपूर्वा आनंदाने किंचाळली.

मालनताईही किंचाळल्या. "अहो, झोपलेल्या माणसाला ओलांडलंत! आधी परत इकडून तिकडे ओलांडा, नाहीतर त्याला लागेल काहीतरी!"

एवढ्यात अनंत जागा झाला आणि उठू लागला. "हलू नकोस रे, उतरलं नाहीये अजून!" बहिणीने दटावलं.

सहदेवांनी परत ओलांडलं. डावा पाय थरथरला, पण गेला.

"दोन झाले," अपूर्वा म्हणाली. "दहा करायचे ना?"

"करा, करा," मालनताई म्हणाल्या, "फक्त विषम आकड्यावर थांबू नका."

सातव्या खेपेला सहदेवांचे डोळे भरून आले. एवढं सुख त्यांना मेहुण्याने कधीच दिलं नव्हतं. दहावी खेप झाली तेव्हा अनंत पंख्याकडे बघत हळूच म्हणाला,

"ताई, माझी बॅग माळ्यावर टाकलीस काय गं?"