जर्दाळूंची खोकी

ताश्कंदच्या त्या गल्लीत 'आदर्श घर' ही पाटी नसलेलं दार एकच होतं, होसियत आपांचं. उद्या मोहल्ल्याचे प्रमुख तुराब अका पाहणीला येणार, आणि अंगणात सुनेच्या ऑनलाइन खरेदीची तेरा खोकी. एवढ्याशा लिपस्टिकला बुटाचं खोकं, वर गजभर फुगेवालं प्लास्टिक. कचऱ्याची गाडी सोमवारशिवाय येत नव्हती, आणि जाळावं तर धुरानेच चहाडी केली असती.

अंगणातलं झाड जर्दाळूंनी लगडलं होतं. आपांनी तेराही खोकी जर्दाळूंनी भरली आणि सून दिलनवोझला गल्लीत पिटाळलं. खोकं परत नको, असंही आवर्जून सांगायला लावलं. दुपारी अंगण लख्ख झालं आणि आपा समाधानाने चहा प्यायला बसल्या.

पण शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे गल्लीतल्या प्रत्येक सासूने सुनेला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. संध्याकाळी पहिलं खोकं सामोशासारखे गरम समसे घेऊन परत आलं, मागोमाग हलवा, द्राक्षं, गरम रोट्या. शिवाय खोक्यांचा ताप घरोघरी तोच, त्यामुळे एकाला दोन, कुठे तीन अशी फेड झाली.

"परत नको म्हणून सांगितलंस ना गं?"

"सांगितलं, आई. त्या म्हणाल्या, आम्ही काय रीत सोडलीय का?"

सकाळी अंगणात एकतीस खोकी होती. तुराब अकांनी आत पाऊल टाकलं नि ते दारातच थांबले. त्यांच्या बगलेत पाटीचं खोकं होतं. पाटी तळहाताएवढी, खोकं टरबूज मावेल एवढं.

"सगळी गल्ली आरशासारखी आहे, आपा. तुमच्याच घरी हे काय?"

ही खोकी कुणाकुणाची, ते आपा सांगू शकल्या असत्या. पण ज्यांचे समसे रात्री खाल्ले, त्यांची नावं सकाळी कशी घ्यायची? आपांना फार वाईट वाटलं.

"यंदा राहू द्या, अका," त्या म्हणाल्या.

अका वळले आणि सगळ्यात वरच्या हलव्याच्या खोक्यापाशी थबकले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चिकटवलेल्या पार्सलच्या चिठ्ठीवर त्यांचंच नाव होतं, घरनंबरासकट.

त्यांनी बगलेतलं खोकं उघडून पाटी बाहेर काढली.

"हातोडी आहे का घरात?" त्यांनी विचारलं.

पाटी त्यांनी स्वतःच ठोकली. मग तिचं रिकामं खोकं हळूच ढिगावर ठेवून ते निघाले. आपांनी ते खोकं उचललं, जर्दाळूंनी काठोकाठ भरलं आणि दारात त्यांना गाठून हातात दिलं.

"रिकामं कसं पाठवू, अका?"