झांजेसाठी बांबू

मिनलचं लग्न झालं, त्या वर्षीचा हा किस्सा. ती सासरी गेली आणि तिच्या खोलीत धाकट्या नूपुरचा ड्रमसेट आला. एक पोरगी गेली, पण आवाज दहा पोरींचा वाढला!

त्यांचे आजोबा नानाजी खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले फिटर. घरात काही बिघडलं की त्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. त्या दिवशी नूपुर ड्रमसेटची मोठी झांज घेऊन रडकुंडीला आलेली दिसताच ते खुर्चीतून ताडकन उठले.

"नानाजी, आज संध्याकाळी सदर बाजारात स्पर्धा आहे, अन् हे भोक पाहा!"

झांज बसते लोखंडी सळईवर. मधली प्लास्टिकची नळी हरवली होती. झांज डोलली की सळईचे आटे कानशीसारखे पितळ खात. गोल भोक चिंचोक्यासारखं लांबट झालेलं!

"अजून थोडं खाल्लं की तडा जाते. दुसरी झांज नाही माझ्यापाशी. सदरच्या दुकानातून नळी आणते."

"दुकान काहून? मधात बांबूची नळी टाकतो, खालीवर कोऱ्या कापडाची गादी, अन् सुतळीनं आवळतो. तुह्या नातवालेही पुरंन! टर्बाइन सांभाळलं मी, हे काय!"

आतल्या खोलीत प्रेमिलाबाई, म्हणजे नूपुरची आजी, तापानं झोपल्या होत्या. नानाजी दबक्या पावलांनी बाहेर पडले.

बांबूवाला म्हणाला, "बोटभर तुकडा नाही भेटत. अन् एक बांबू कोण नेते? जोडीच न्या." नानाजींनी मांजरपाट शब्द उच्चारताच कापडवाल्यानं किती ते न विचारता भलंमोठं कापड फाडलं आणि वर हात जोडले. नानाजींना वाटलं, किती सज्जन माणूस!

खांद्यावर दोन बांबू, काखेत पांढरं कापड, हातात सुतळी! गल्लीच्या तोंडाशी शेजारचे चंपतराव भेटले. त्यांनी आधी चपला काढल्या.

"नानाजी! अचानक कसं गा?"

"अचानक कुठचं? रोज थोडंथोडं झिजून राहिलं होतं. आता बोलाले वेळ नाही, संध्याकाळच्या आत बांधायचं आहे!"

प्रेमिलाबाईंचा ताप चंपतरावांना ठाऊक होता. बाकीचं काम फोननं केलं.

नानाजींनी सामान अंगणात टाकलं आणि मागच्या पडवीत करवत शोधायला गेले. करवत सापडायला तास लागला, तोवर अंगणात माणूस मावेना! रूपराव आले. गल्लीत कोणाचंही काही झालं की तिरडी बांधायचा मान त्यांचाच. त्यांनी डोळे पुसत दोन्ही बांबू आडवे टाकले, कुंपणाच्या काड्या घेतल्या आणि सुतळी आवळली. कामठीहून प्रेमिलाबाईंची बहीण सुमती आली ती ऑटोतूनच रडत.

"ताई वं! मले न सांगता गेलीस वं!"

एवढ्यात नूपुर झांज घेऊन बाहेर आली.

"पाहा, पोरीनं भजनाले झांजबी आणली!" सुमतीनं आणखी मोठा हंबरडा फोडला.

त्या हंबरड्यानं प्रेमिलाबाई जाग्या झाल्या. केस मोकळे, अंगावर पांढरी चादर, अशा त्या दारात उभ्या राहिल्या! अंगण गोठलं. चंपतराव तुळशीमागे लपले. प्रेमिलाबाईंनी मात्र तिरडी पाहिली, बहीण पाहिली, आणि नवरा कुठेच दिसेना. त्यांनी कपाळ बडवून घेतलं.

"अहो! असं कसं केलं हो तुम्ही!"

"काय केलं मी?" मागून नानाजी करवत घेऊन आले.

आता मात्र सुमतीनं डोळेच मिटले. कोण जिवंत, कोण मेलेलं, कोणालाच सुधरेना! उलगडा झाला तेव्हा रूपराव तेवढे संतापले.

"बांधलेल्या तिरडीले हात लावाचा नाही! रिकामी मोडली तर माणूस मागते ती!"

"माही झांज मागून राहिली ना, रूपराव आबाजी!" नूपुरनं करवत हिसकली आणि सगळ्यांदेखत तिरडीच्या निमुळत्या टोकाचा बोटभर बांबू कापला. बायकांनी पदर तोंडाला लावले. तिनं नळी सळईवर चढवली, खालीवर मांजरपाटाच्या चकत्या घातल्या आणि सदर गाठलं. झांज शेवटपर्यंत टिकली. नंबर आला नाही, ते वेगळं.

प्रेमिलाबाईंचा ताप त्याच दिवशी उतरला, तो भीतीनं की रागानं, देव जाणे. रूपराव गेले त्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर, झोपेत. निरोप सकाळीच आला होता. पण गल्लीतला एकही माणूस जागचा हलला नाही. सगळ्यांनी आधी रूपरावांनाच फोन लावून पाहिला.