खुर्चीच्या पायावरची चाचणी

कारखान्यात एका मशीनसाठी कडी आली. दिसायला बांगडीएवढी, पण धातूत दगडाहून टणक पूड मुरवून केलेली. ती लेथवर आतून कातायची होती. लेथ चालवणाऱ्या टर्नरने रीतसर अर्ज केला: कातायचं साधं टूल इथे टिकणार नाही, हिऱ्याच्या टोकाचं द्यावं.

फोरमन त्याला म्हणाला, "मिस्त्री, असल्या दोन कड्या साध्या टूलने वाया गेल्यात. ही शेवटची. हिचं काही झालं, तर तुम्ही पॅकिंगमध्ये. सव्वीस वर्षं लेथवर काढून सुतळीच्या गाठी मारत बसाल."

तातडीने टूल-निवड समिती नेमण्यात आली. समितीच्या साहेबांनी नियम वाचला: चाचणीत मूळ मालाला धक्का लागता कामा नये. म्हणून टुलं एका मोडक्या खुर्चीच्या लाकडी पायावर चालवण्यात आली. सगळी पास झाली.

"आता निवडायचं कसं?" साहेब म्हणाले. "हे हिऱ्याचं म्हणताय, पण याच्या टोकाला तर काही दिसतच नाही. हे दुसरं बघा. कसं भरीव आहे. चकाकतंय पण."

"साहेब, ते लाकडावर चाललं. कडीवर नाही चालायचं."

"मिस्त्री, चाचणी झालीये. आता शंका काढणं म्हणजे समितीचा अपमान."

भरीव टूल कडीला टेकलं आणि अर्ध्या फेरीत त्याचं नाक उडालं. कडीवर ओरखडासुद्धा नाही.

चौकशी बसली. टूल प्रमाणित होतं, म्हणजे दोष टूलचा नव्हता. उरला टर्नर. नियमानुसार त्याचीही चाचणी घेतली, खुर्चीच्या दुसऱ्या पायावर. त्याने तो इतका सुरेख कातला, की साहेबांनी हात फिरवून पाहिला. टर्नरही पास.

"म्हणजे कडीच आडमुठी आहे," साहेब म्हणाले. समितीने कडी बाद केली आणि तिच्या जागी लाकडाची कडी मंजूर केली. टर्नरने ती दहा मिनिटांत कातून दिली. पॅकिंग टळलं, वर अभिनंदनाचं पत्र. पण त्याला राहवेना.

"साहेब, मशीनमध्ये ही टिकेल का?"

"टिकली की. आम्ही बसवून बघितली, तासभर."

"मशीन चालू होतं?"

"चालू मशीनमध्ये कोण हात घालतंय, मिस्त्री? बंदच होतं. पण टिकली मात्र झकास."

टर्नरने पत्राची घडी घातली, खिशात ठेवलं आणि लेथ पुसायला लागला. त्याला भित्रा म्हणायचं तर म्हणा. समितीला खुशाल हसा. फक्त परवा दुकानातल्या मऊ गालिच्यावर चार पावलं टाकून, "छान आहे, अजिबात चावत नाही," म्हणत जी चप्पल तुम्ही घेतलीत, ती घालून जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन या. मग बोलू.