चौथ्या मजल्यावरचा अनिश्चित ससाणा

कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर, आवक-जावक विभागाच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर एका पक्ष्याने सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी न घेता दोन अंडी घातली. त्याच महिन्यात परांची बांधून इमारतीला बाहेरून रंग देण्याचं ठरलं होतं.

आवक-जावकच्या बाई एकवीस वर्षं त्याच खिडकीशी बसत होत्या. पक्षी कबुतरं मारून आणतो, त्याची चोच आकड्यासारखी आहे आणि डोळ्याखाली मिशीसारखा काळा पट्टा आहे, एवढं त्यांनी पाहिलं होतं. त्या अर्ज घेऊन अधीक्षकांकडे गेल्या आणि म्हणाल्या की ससाणा अंड्यांवर बसलाय, रंगकाम थोडं पुढे ढकला.

अधीक्षक सज्जन होते. नियम उघडून त्यांनी सांगितलं की संरक्षित पक्ष्यासाठी काम थांबवता येतं, पण यादीत नुसता 'ससाणा' नाही. "बहिरी आहे की लग्गड, तेवढं लिहून आणा. बाकी माझ्यावर सोडा."

बाईंचे धाकटे दीर पक्षीनिरीक्षक मंडळाचे चिटणीस होते. ते दुर्बीण घेऊन आले, तासभर पाहून म्हणाले, "वहिनी, मिशी जाड आहे. बहिरीच." दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष आले. त्यांना मिशी बारीक दिसली आणि डोकं तपकिरी, म्हणजे लग्गड. या दोघांचं गेल्या निवडणुकीपासून जमत नव्हतं, त्यामुळे मिशीची जाडी हा तत्त्वाचा प्रश्न झाला. मंडळाने इतिवृत्तात लिहिलं, 'ससाणा, अनिश्चित.'

अनिश्चित पक्ष्याला संरक्षण देण्याची तरतूद नव्हती. अधीक्षकांनी तज्ज्ञ समिती नेमली. समिती तीनदा आली. तिन्ही वेळा पक्षी पाठ करून बसला होता. समितीने बाईंचं म्हणणं विचारलं नाही, कारण बाईंनी पक्षी दुर्बिणीतून नव्हे, नुसत्या डोळ्यांनी पाहिला होता. दरम्यान अंडी फुटली आणि कापसाच्या बोळ्यांसारखी दोन पिल्लं कट्ट्यावर हलू लागली. बाई डबा खाताना खिडकीकडे पाठ करून बसायला लागल्या. आपण पाहिलं की आई बिचकते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

रंगारी आला तेव्हा त्याने पिल्लं पाहिली आणि परांचीचे दोर गुंडाळून ठेवले. अधीक्षकांना म्हणाला, "साहेब, महिनाभर ही भिंत सोडू या. पोरं उडून जातील."

अधीक्षकांनी त्याला समजावलं की असं मनाला येईल तसं काम सोडता येत नाही. काम थांबवायला ओळख हवी, आणि ओळखीसाठी समितीला पक्षी समोरून, दहा फुटांवरून दिसायला हवा. तेव्हा चौथ्या मजल्यापर्यंत परांची बांधण्याचा आदेश निघाला. बाई तिसऱ्यांदा अधीक्षकांच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. "साहेब, परांची नको म्हणून तर मी अर्ज केला होता."

"ती रंगकामाची परांची होती, बाई. ही संरक्षणाची आहे."

परांचीवर समितीचे पाच सदस्य चढले. पक्षी अखेर समोरून दिसला, पंख पसरून दिसला, आणि दिसत दिसत निघून गेला. परांची आणखी चार दिवस राहिली, कारण ती सोडण्याचा आदेश वेगळा काढावा लागतो. आई इमारतीभोवती घिरट्या घालायची, पण कट्ट्यावर उतरली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पिल्लांचा आवाज बंद झाला. रंगाऱ्याने ती दोन्ही मऊ फडक्यात गुंडाळून खाली आणली. त्या दिवशी बाईंनी एकही टपाल फोडलं नाही.

पंधरा दिवसांनी समितीचा अहवाल आला. ओळख एकमताने पटली होती. कट्ट्याला वर्षभराचं संरक्षण मिळालं होतं. बाईंनी त्यावर आवक क्रमांक घातला आणि जागेवर जाऊन बसल्या.

आता ही हकीकत बाई कुणी विचारली तरच सांगतात. ऐकणारे हळहळतात, कार्यालयाला चार शिव्या देतात, अधीक्षकांच्या अकलेची कीव करतात. मग आवाज खाली आणून विचारतात, "पण बाई, अहवालात काय आलं शेवटी? बहिरी, की लग्गड?"

बाई उत्तर देत नाहीत. तुम्हालाही देणार नाहीत.